तिकोनी काच

काच हातातून सुटली तेव्हा आवाज फारसा झालाच नाही. फरशीवर एक बारीकसा टप्पा घेऊन ती स्टुलाच्या पायाशी जाऊन थांबली. उचलून उजेडाला धरली. एक कोपरा गेला होता आणि आत, पार पोटात, एक भेग तिरकी उतरली होती.

"काय पडलं गं इंदे?" बाहेरच्या बाकावरून अण्णांनी विचारलं.

"स्क्रू पडला, अण्णा."

"सापडला का?"

"सापडला."

माझे वडील जन्मभर पेट्या दुरुस्त करत आले होते, बाजाच्या पेट्या. त्यामुळे त्यांचे कान तिखट होते. काच पडली की स्क्रू पडला हे त्यांना न कळायला ते काही दुसऱ्याचे बाप नव्हते. पण त्या वर्षी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि बाहेरचं माणूस म्हणजे त्यांना नुसता धुक्यातला खांब दिसायचा. ज्याचे डोळे गेले तो कानांवरही हळूहळू कमी विश्वास ठेवायला लागतो.

सोनवड्याच्या एस.टी. स्टँडवर, पार्सलच्या खिडकीशेजारी, आमचं फोटोचं कपाट उभं होतं. लोक कपाटच म्हणायचे. माणूस उभा मावेल एवढी पत्र्याची खोली, तिला काळा पडदा, आत फिरकीचं स्टूल. मुंबईत जत्रेतले पाळणे चालवणाऱ्या एका माणसाने धंदा मोडला तेव्हा अण्णांनी ते खटाऱ्यातून आणलं. त्याच्या फटीत आपली नाणी बसत नव्हती, म्हणून अण्णांनी बाहेरून ओढायची दोरी लावली. दोरी ओढली की आत चार वेळा उजेड पडायचा, मग एक लोखंडी पंजा कागदाची पट्टी धरून एका औषधातून दुसऱ्या औषधात बुचकळायचा, आणि चार मिनिटांनी बाजूच्या खाचेतून चार चेहऱ्यांची ओली पट्टी खाली उतरायची. निगेटिव्ह असली भानगड नाही. चेहरा थेट कागदावर. म्हणून त्याची दुसरी प्रतही कधी निघायची नाही. हरवला की हरवला.

अण्णांना दिसेनासं झाल्यापासून कॅमेरा मी सांभाळत होते. भिंग पुसायचं, दात्यांना तेल द्यायचं, झडपेची स्प्रिंग ताणायची. कॅमेरा आत आडवा बसवलेला होता, भिंतीकडे तोंड करून, आणि त्याच्या भिंगापुढे ही तिकोनी काच. बसणाऱ्याचा चेहरा तिच्यात शिरायचा, काटकोनात वळायचा आणि मग भिंगात जायचा. असा वळसा कशाला, हे मी कधी विचारलं नव्हतं. जागा वाचवायला केलं असेल, असं आपलं मला वाटायचं. "तिला हलवायचं नाही," एवढंच अण्णा सांगत. मी हलवली, कारण पावसाळ्यानंतर तिच्यावर बुरशीची जाळी धरली होती आणि फोटो धुरकट येत होते.

अशी काच कुठे मिळणार? मुंबईचा तो माणूस वारला होता. अण्णांना सांगावं तर डोळ्यांवाचून बसलेल्या माणसाचा जीव त्या कपाटात होता. दुपारी ते घरी झोपायला गेले आणि मी काम काढलं.

काच वळवते, तर काचेचं काम आपणच करू. आडवा कॅमेरा सोडवला आणि सरळ बसणाऱ्याकडे तोंड करून बसवला. पेटीच्या कामातल्या दोन पितळी पट्ट्या वाकवून त्याला खाली बैठक केली. मग दोरा घेतला. अण्णांची रीत होती ती: भिंगाच्या कडेला दोरा बांधायचा, स्टुलावर बसायचं आणि दोरा नाकाच्या शेंड्याला टेकेल तिथे गाठ मारायची. गाठ चुकली की चेहरा पुसट. मी स्वतःच बसायचे, स्वतःच उठून दोरी ओढायचे, पुन्हा पळत जाऊन बसायचे. तीन पट्ट्या वाया गेल्या. चौथी उतरली आणि मी बघतच राहिले.

इतका साफ फोटो त्या कपाटाने कधी दिला नव्हता. माझ्या पापण्यांचे केस मोजता आले असते. नाकातली चमकी दवाच्या थेंबासारखी उजळली होती. वाटलं, ती काचच मधे अडसर होती. अण्णांना उगीच तिचं कौतुक.

संध्याकाळी त्यांनी ती पट्टी नाकाशी धरली. औषध ताजं की शिळं, ते त्यांना वासावर कळायचं.

"कसा आलाय?"

"आरशात बघावं तसा," मी म्हणाले.

ते हसले. मीही हसले. मी खरंच बोलले होते.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. ऊन चढल्यावर एक धनगरीण आणि तिचा लेक कपाटापुढे येऊन उभे राहिले. ती हडकुळी, खांद्यावर घोंगडं. तो वीस-एकवीसचा, अंगाने भरलेला, दाढी नुकतीच केलेली, त्यामुळे हनुवटी उघड्यावर आल्यासारखी.

"ह्याचं चार तोंडं काडायची हायती," ती म्हणाली. "बोगद्याच्या कामावर चाललाय. मुकादम म्हनला, तीन फोटू आन."

"मग चौथा?"

"चौथा आयला," तो म्हणाला. "मागं रडाया काहीतरी पायजे का नगं तिला?"

"रडत्यात माजी मेंढरं," ती म्हणाली. "बस जा आत."

तिचं नाव ठकूबाई कोळेकर, त्याचं धुळाप्पा. मी स्टूल दोन आटे खाली घेतलं, त्याची मान सरळ केली. तेव्हा त्याची भिवई दिसली. मधोमध फाटून दोन तुकड्यांत उगवलेली, मधे गुळगुळीत पांढरी खोक.

"एडक्यानं मारलं," पडद्यातून डोकावून ठकूबाई म्हणाली. "सा वर्साचा हुता. एडक्याच्या पाठीवर बसाया गेला."

"ताई, डोळं उघडं ठिवायचं का झाकायचं?"

"उघडे. श्वास सोडून बस."

मी दोरी ओढली. चार वेळा उजेड झाला. तो बाहेर आला डोळे चोळत. "चारदा ईज पडली. मेंढरं असती तर पार पांगली असती."

पट्टी उतरली तशी मी ठकूबाईच्या हातावर ठेवली, कडेने धरायला सांगून. तिने ती खूप वेळ पाहिली. एवढा वेळ की माझ्या मागे दोन गिऱ्हाइकं ताटकळली.

"माजाच हाय," ती म्हणाली. "पर परक्यागत बगतोय."

"आगं, आरशात असाच दिसतो मी," धुळा म्हणाला.

"मावशी, पहिल्यांदा फोटो बघितला की सगळ्यांना तसं वाटतं," मी म्हणाले.

"तसं आसंल." तिने बोट पट्टीवरून खाली नेलं आणि तिसऱ्या चेहऱ्यावर ठेवलं. "ह्यो मला काप. हितं त्यो गप हाय. गप असला का लेकरू आपल्याजवळ असतं. बोलाय लागलं का गेलं."

मी तो कापून दिला. तिने तो पदराच्या गाठीत नाही, चोळीत ठेवला.

शिमगा झाला. एके सकाळी मी कुलूप काढत होते, तर पार्सलच्या खिडकीखाली ती बसलेली. घोंगडं अंगावर घट्ट.

"बिरोबाच्या जत्रंला येतो म्हनला हुता," ती म्हणाली. "आला न्हाई. मुकादमाकडं मानूस धाडलं. त्यो म्हनतोय, धा दिस झालं, गावाकडं म्हनून निगाला."

"एखाद्या सोबत्याकडं राहिला असेल."

"जत्रा सोडून?" ती म्हणाली. "चौकीत जायाचं हाय. मला लिवता येत न्हाई. तू ये, पोरी. तुज्या हातचा फोटू हाय."

मी अण्णांना बाकावर बसवून तिच्याबरोबर गेले. वाटेत ती चालता चालता काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं, देवाचं नाव घेत असेल. कान दिला तर ओवी होती, तिची तिनेच जुळवलेली:

धुळा माजा ग्येला डोंगर पोखराया
मागं ठिवून ग्येला कागदाची छाया

चौकीत हवालदार शिरतोडे होते. वजनदार माणूस, रोज चार वाजता स्टँडवर चहाला येणारे. त्यांनी ठकूबाईला बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि कागद ओढला. नाव, वय, उंची, अंगावर काय होतं. फोटो त्यांनी टाचणीने कागदाच्या कोपऱ्याला लावला.

"अंगावर खूण?"

"डाव्या भिवईला खोक," ठकूबाई म्हणाली.

शिरतोड्यांनी लिहिता लिहिता फोटोकडे पाहिलं आणि टाक थांबला. "मावशे, उजव्या. फोटोत उजवीला आहे की."

"डाव्या."

"हे बघ." त्यांनी कागद तिच्याकडे फिरवला. तिने फोटो पाहिला. मग स्वतःच्या डाव्या भिवईला हात लावला, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या. हात हवेतच राहिला. आंघोळ घालताना, तेल लावताना, तापात कपाळ चेपताना पंधरा वर्षं त्या खोकेवरून फिरलेला हात होता तो. फोटोत मात्र खोक दुसरीकडे होती, काळ्या-पांढऱ्यात, स्वच्छ.

"इंदूताई, तुम्ही सांगा," शिरतोडे म्हणाले. "यंत्र तुमचं. डावी का उजवी?"

मी फोटो पाहिला. धुळाला मी एकदाच, घाईत पाहिलं होतं, कोणत्या बाजूला खोक होती ते मला आठवत नव्हतं. पण यंत्र आठवत होतं. त्या पितळी पट्ट्या, ती दोऱ्याची गाठ. माझ्या हातचं सगळ्यात साफ काम.

"यंत्र कशाला खोटं दाखवेल?" मी म्हणाले. आणि ठकूबाईच्या खांद्यावर हात ठेवून, अगदी मऊ आवाजात म्हणाले, "मावशी, समोरच्याची डावी-उजवी आपल्याला उलटी वाटते. होतो घोटाळा. त्यात तू काळजीत."

ती माझ्याकडे बघत राहिली.

"तू शिकल्याली हायस," ती म्हणाली. "उजवी आसंल."

शिरतोड्यांनी लिहिलं: उजव्या भिवईवर जुनी खोक.

चौथ्या दिवशी ते चहाला आले तेव्हा मला हाक मारली. "तुमच्या म्हातारीला सांगा, जीव भांड्यात पडू दे. कालव्याच्या जाळीला एक प्रेत अडकलं होतं. त्याच वयाचं. आम्हाला वाटलं, तोच. पण नव्हे."

"नक्की?"

"फुगून चेहरा काही राहिला नव्हता. पण खोक होती, डाव्या भिवईला. फोटो समोर धरून बघितलं मी स्वतः. बेवारस म्हणून माती दिली. ठेवण्यासारखं नव्हतं."

मला इतका आनंद झाला की मी कपाट बंद केलं आणि अडीच कोस चालत तिच्या मेंढरांच्या तळावर गेले. ठकूबाई कोकराला पाजत होती. मी दुरूनच हात हलवला. "मावशी, तो नव्हता," मी म्हणाले, "एक सापडला होता, पण आपला नव्हता." तिने डोळे मिटले. मग मला जवळ बसवून वाटीभर दूध दिलं, वर साय धरलेलं. "तुजं त्वांड गोड हुईल," म्हणाली. मी ते दूध प्यायले.

चैत्रात अण्णांच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पट्टी सुटली, भिंगासारखा जाड चष्मा आला, आणि पहिल्या दिवशी ते म्हणाले, मला कपाटाकडे ने. बाकावर बसले आणि स्टँडवरचं एकेक माणूस नव्याने पाहिल्यासारखं बघू लागले. मग म्हणाले, "पट्टी दाखव बरं एखादी. तुझीच दाखव. लेकीचं तोंड नीट बघितलं नाही मी, वर्ष झालं."

आदल्या दिवशी औषध बदललं तेव्हाची माझी पट्टी होती. मी दिली. त्यांनी ती डोळ्यांशी नेली, लांब नेली. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा पट्टीकडे.

"इंदे," ते म्हणाले, "तुझी चमकी उजव्या नाकपुडीत कशी?"

मी नाकाला हात लावला. चमकी डावीकडेच होती.

"काच कुठाय?"

अण्णा उठले, भिंत धरत कपाटाच्या मागे गेले, त्यांनी दार उघडलं. आत डोकं घालून बराच वेळ उभे होते. बाहेर आले तेव्हा आवाज खाली आला होता. रागावले असते तर बरं झालं असतं.

"चेहरा कागदावर थेट पडतो बाळ, म्हणून उलटा पडतो. आरशासारखा. ती काच त्याला एकदा फिरवून सुलटा करायची. तेवढ्याचसाठी होती ती." ते बाकावर बसले. "नुसता आरसा तिरका लावला असतास तरी चाललं असतं. मला विचारायचं होतंस."

"लोकांना कळलं कसं नाही?"

"ज्याचा त्याने बघितला ना फोटो. आपण आपल्याला आरशातच बघतो. आवडलाच असेल सगळ्यांना." त्यांनी पट्टी मांडीवर ठेवली. "असे किती जणांचे काढलेस?"

मी तिथेच, दोरीपाशी, खाली बसले आणि त्यांना भिवईचं सांगितलं.

मी तडक चौकीत गेले. शिरतोड्यांनी फडताळातून कागद काढले. पंचनाम्यात स्वच्छ लिहिलं होतं: डाव्या भिवईस जुनी खोक, भिवई दोन भागांत. बाकीचं त्यांनी मोठ्याने वाचलं नाही. कागद बंद करून म्हणाले, "ताई, तुम्हालाच विचारलं होतं मी."

"हो," मी म्हणाले.

"म्हातारीला कोण सांगणार?"

तळ हलला होता. विचारत विचारत दुसऱ्या दिवशी सापडला, एका उसाच्या खोडव्यात मेंढरं बसवली होती. ठकूबाई लोकर कातरत होती. मला पाहून तिने हात उंच केला, तसाच हलवला, जसा मी त्या दिवशी हलवला होता. मी काही हलवला नाही. ती कातर खाली ठेवून उभी राहिली.

मी सगळं सांगितलं. काच, कॅमेरा, चमकी. मेंढ्यांची हळू चरचर चालू होती. सांगून झालं तेव्हा तिने स्वतःच्या डाव्या भिवईवर दोन बोटं टेकवली आणि तिथेच ठेवली.

"म्या आय असून लिवू दिलं," ती म्हणाली.

"मावशी, चूक माझी आहे."

"तुजी हायच," ती म्हणाली. "पर तुज्या बोलन्यावर म्या माजा हात खोटा क्येला." तिने कातर कमरेला खोवली. "चल. कुटं पुरलाय त्ये दाव."

बेवारस मढ्यांची जागा नदीच्या अंगाला होती, बाभळींच्या पलीकडे. शिरतोडे बरोबर आले. तिथला राखणदार खोकत खोकत पुढे झाला आणि एका ठिकाणी थांबला. शेजारी शेजारी मातीचे दोन उंचवटे, दोन्ही सारख्याच उंचीचे, सारख्याच भेगाळलेले.

"ह्यातला कोणता?" शिरतोड्यांनी विचारलं.

"त्या आठवड्यात दोन आली हुती साहेब. नंबराच्या लाकडी पाट्या ठोकल्या हुत्या." त्याने मान खाली घातली. "बायांनी सरपनाला नेल्या जनू."

शिरतोड्यांनी टोपी काढली. मग ठकूबाईला म्हणाले, "मावशे, अर्ज करता येईल. परवानगी आली की उकरून बघू. कपड्यांवरून कळेल."

"आन् मंग पुन्यांदा पुरायचा?" ती म्हणाली. "नगं. एकडाव लोकांनी पुरला, दुसऱ्यांदा म्या पुरू? नगं बाबा. निजू दे."

तिने कनवटीची भंडाऱ्याची पिशवी सोडली. एका उंचवट्यावर चिमूट टाकली, दुसऱ्यावर टाकली. बोटांनी माती दाबली, दोन्हीकडे सारखी, हलक्या हाताने, जशी पोराच्या डोक्यावर टाळू भरावी. शिरतोडे आणि राखणदार बाभळीखाली जाऊन उभे राहिले. ती दोघांच्या मधे उभी होती. एकाकडे बघायची, मग दुसऱ्याकडे. कुणाजवळ बसावं तेच तिला उमगत नव्हतं.

शेवटी तिने मला हाक मारली.

"ये. तू त्या एकापाशी बस. म्या ह्याच्यापाशी बसती. म्हंजी कुनीतरी त्याच्यापाशी आसंलच."

मी बसले. माती ऊन पिऊन तापलेली होती. ती तिकडे घोंगडं खाली घालून बसली आणि हळू आवाजात बोलायला लागली. कोकरं किती झाली, कोणती शेळी आटली, जत्रेत काठी कुणी नाचवली. मी नुसता हात मातीवर ठेवून बसले होते. बऱ्याच वेळाने मी त्या मातीला माझं नाव सांगितलं.

आज त्या गोष्टीला चाळीस वर्षं होऊन गेली. कपाट त्याच महिन्यात भंगारात गेलं, अण्णा पुढे सात वर्षं जगले. मी लिहायला बसले की मला ती दुपारच आधी दिसते.

उन्हं उतरली. नदीवरून वारा आला. ठकूबाई गुडघ्यावर हात टेकून उठली, घोंगडं झटकलं आणि माझ्याकडे आली.

"आता तू तिकडं जा," ती म्हणाली. "म्या हितं बसती."

आम्ही जागा बदलल्या.